वाटी रिकामी म्हणजे पोट भरलं असं नाही

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी चौथीत आहे. मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला हॅम्स्टर आणला, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. नाव लाडू. दुकानदार म्हणाला, दीड महिन्याचा आहे. चौथ्या दिवशी त्याची मागची बाजू ओली दिसायला लागली, वास यायला लागला. मुलीच्या खोकल्याचं अमॉक्सिसिलिनचं सिरप घरात होतं, त्याचे दोन थेंब मी संध्याकाळी दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सिरपचं मुलीला माहीत नाही. पाडव्याला दुसरा आणला, बेदाणा. आता त्याच्या दोन्ही कुशींवर मागच्या बाजूला काळे डाग दिसतात, तिथले केस विरळ झालेत. दिवसभर झोपतो. दोन दिवसांपासून उजवा गाल फुगलेला आहे, तो उतरतच नाही. खातो मात्र व्यवस्थित, वाटी रोज रिकामी होते. डागांवर हळद लावू का? सासूबाई म्हणतात, "उंदराला कसला आलाय दवाखाना?" आमचे हे म्हणतात, उन्हाळ्याचं आहे, होईल बरं. मला एकच विचारायचं आहे. लाडू माझ्यामुळे गेला का?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री तुम्हाला दोन ओळी मेलवर पाठवल्या होत्या. सदर छापून येईपर्यंत तो गाल थांबला नसता. डागांचं राहू द्या, गाल घेऊन उद्याच कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांकडे जा आणि निघण्याआधी फोन करून 'हॅम्स्टर बघता का' एवढं विचारा, असं लिहिलं होतं. तुम्ही गेलात, आणि गालातून काय निघालं तेही कळवलंत. बोटाच्या पेराएवढा कापसाचा बोळा, त्यात गुरफटलेले भडंगाचे चार-पाच मुरमुरे आणि लसणाची एक पाकळी. डॉक्टरांनी सलाइनने पिशवी धुतली, आणि त्या रात्री बेदाणा चाकावर पळाला म्हणे. जीव भांड्यात पडला. आता बाकीचं सावकाश बोलू.

हॅम्स्टरचा गाल आपल्या गालासारखा नसतो. ती पिशवी तोंडापासून पार खांद्यापर्यंत मागे जाते. मिळेल ते आधी पोत्यात भरायचं, बिळात न्यायचं, तिथे पुढच्या पंजांनी ढकलून पोतं रिकामं करायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. त्यामुळे गाल फुगलेला दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही. तासा-दोन तासांनी उतरलेला असतो. पण एकच बाजू दिवसभर तशीच राहिली, तो पंजाने गाल ओरबाडतोय, हनुवटी ओली आहे, तोंडाला वास येतोय, तर आत काहीतरी अडकलंय. कापूस बहुतेक वेळा. 'हॅम्स्टरची गादी' म्हणून जो पिंजलेला रंगीत कापूस विकतात, त्याचे धागे पिशवीला चिकटतात, पोटात गेले तर आतडं बंद करतात, आणि पायाला गुंडाळले तर पायाचं रक्त थांबतं. फेकून द्या तो. बिनछपाईचा टिश्यू पेपर फाडून घाला, त्याची गादी तो स्वतः करेल. भडंगाचं मात्र तुमच्या लेकीला समजावून सांगा. सांगलीकराला भडंग वाटून खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही हे मला मान्य आहे, पण तेल, तिखट, मीठ आणि लसूण यातलं काहीही त्या जिवासाठी नाही. एखाद्या हॅम्स्टरची पिशवीच उलटी होऊन तोंडातून गुलाबी मांस लोंबताना दिसलं, तर ते बोटाने आत ढकलायला जाऊ नका. तसाच दवाखान्यात न्या.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडखळलो ते गालाचं नव्हतंच. "खातो मात्र व्यवस्थित, वाटी रोज रिकामी होते." ताई, हॅम्स्टर पाळणाऱ्यांपैकी निम्मे लोक या वाक्यावर फसतात. वाटी रिकामी होते म्हणजे माल गोदामात गेला, एवढंच. आजारी हॅम्स्टरसुद्धा सवयीने दाणे उचलून नेतो आणि कोपऱ्यात साठवतो. पोटात एकही जात नाही. माझ्याकडे एकाचा पिंजरा आला होता, घरचे शपथेवर सांगत होते की परवापर्यंत छान जेवत होता. गादी उचलली तर खाली मूठभर सूर्यफुलाच्या बिया, एकही सोललेली नाही. हॅम्स्टर हाताला लागेल तिथे हाड.

म्हणून माझा सगळ्यांना एकच हट्ट असतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. दर रविवारी रात्री, तो जागा झाला की, काट्यावर खोलगट वाडगा ठेवा, आकडा शून्य करा, त्याला आत बसवा, आकडा कॅलेंडरवर लिहा. दूधवाल्याचा हिशोब लिहितो तसा. मोठा झालेला सीरियन हॅम्स्टर शंभर ते दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, बुटके जातवाले तीस ते पन्नास. पण त्याचं वजन इतरांशी ताडून बघायची गरज नाही, त्याचंच गेल्या रविवारचं बघायचं. दहावा हिस्सा कमी झाला की दवाखाना. शंभर ग्रॅमच्या हॅम्स्टरचे दहा ग्रॅम गेले म्हणजे सराफाच्या आजच्या हिशोबात एक तोळा गेला. अंगावर एवढे दाट केस असताना तो तोळा डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो. बेदाणा त्या दिवशी दवाखान्यात ९२ ग्रॅम भरला असं तुम्ही लिहिलंय. तो तुमचा पहिला आकडा. अजून वाढीचा आहे, त्यामुळे पुढचे काही आठवडे आकडा वर चढला पाहिजे. नुसता थांबला तरी मला कळवा.

तो आजार लपवतो, हे त्याचं ढोंग नव्हे. आज घरोघरी जे सोनेरी, म्हणजेच सीरियन, हॅम्स्टर आहेत ते जवळजवळ सगळे १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिलांच्या वंशातले आहेत. जेरुसलेमच्या विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी ती मिळवली होती. त्या माळरानावर घुबड, कोल्हा, साप हे सगळे लंगड्यावरच आधी झडप घालायचे. जो दुखणं दाखवेल तो पहिला जाईल. जवळजवळ शंभर वर्षं पिंजऱ्यात काढली तरी ती खोड गेलेली नाही. त्यामुळे दुखणं आपल्याला दिसायला लागतं तेव्हा ते सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. आणि ज्या जिवाचं काळीज मिनिटाला तीनशे-चारशे ठोके टाकतं, ज्याचं सगळं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, त्याच्या बाबतीत 'सोमवारपर्यंत बघू' हा फार लांबचा वायदा होतो.

आता लाडू.

तुम्ही सांगितलेली लक्षणं वेट टेल नावाच्या रोगाची आहेत. दुकानात या नावाखाली कुठलीही हगवण खपवतात, पण खरा वेट टेल लॉसोनिया नावाच्या जंतूमुळे होतो. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला धरतो, आतडं सुजून जाड होतं, आणि पाण्यासारखी हगवण सुरू होते. शेपटी, मागचे पाय, पोट ओलं राहतं, घाण वास येतो, पिलू पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसतं, हात लावला तर चिडतं. साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना हा रोग जास्त. आईपासून तोडलेलं, गाडीतून खोक्यात आलेलं, दुकानात दाटीवाटीने ठेवलेलं, मग पुन्हा नव्या घरात, नवे आवाज, नवे हात. या सगळ्या ताणात जंतू डोकं वर काढतो. तुमच्याकडे येऊन चौथ्या दिवशी दिसलं म्हणजे बहुतेक तो दुकानातूनच आणलेला होता. एकदा हगवण दिसली की पुष्कळ पिलं एक-दोन दिवसांत जातात. दवाखान्यात नेऊन कातडीखाली सलाइन दिलं, ऊब दिली, योग्य औषध दिलं तरी सगळी वाचत नाहीत.

सिरपचं सांगतो, आणि गोड करून सांगणार नाही. अमॉक्सिसिलिन हॅम्स्टरला देऊ नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही आपल्या घरात आणि मेडिकलच्या काउंटरवर सहज सापडणारी औषधं त्याच्या आतड्यातल्या उपयोगी जंतूंना मारतात. रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूची एक वाईट जात माजते, तिचं विष आतड्यात पसरतं आणि हॅम्स्टर हगवणीनेच जातो. पण हे सगळं घडायला वेळ लागतो. बहुधा काही दिवस जातात, कधी आठवडा. तुम्ही संध्याकाळी थेंब दिले आणि तो सकाळी गेला. एवढ्या कमी वेळात हे औषध मारत नाही. लाडू त्याच्या रोगाने गेला, ताई, तुमच्या थेंबांनी नाही. पण तो त्या रोगातून तरला असता आणि तुम्ही सिरप चालू ठेवलं असतं, तर मात्र आठवड्याने हा प्रश्न तुम्ही मला विचारला असता आणि माझं उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून ती सिरपची बाटली बेदाण्यासाठी कधी उघडायची नाही.

मी तुम्हाला बोल लावायला बसलेलो नाही, कारण हीच चूक मी पदवी हातात असताना केली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. मिरजेहून एकजण गिनीपिग घेऊन आला, पायाला गळू झालेलं. आमचं सगळं शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, फार तर कुत्रा यांच्यावर झालेलं. म्हशीच्या गळवाला जे देतो तेच पेनिसिलिन मी वजनाच्या हिशोबाने, अगदी काटेकोर, चिमूटभर करून टोचलं. गळू सुकलं. मालक खूश होऊन सांगून गेला. पाचव्या दिवशी तोच माणूस रिकामा पिंजरा सायकलच्या कॅरियरला बांधून दवाखान्यासमोरून गेला, थांबला नाही. हिशोब बरोबर होता, औषधच चुकीचं होतं. त्यामुळे आता कुणीही डॉक्टर तुमच्या हॅम्स्टरला अँटिबायोटिक देत असेल, तर नाव विचारायला लाजू नका. "हे हॅम्स्टरला चालतं ना?" असं सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. त्याला चालणारी औषधं आहेत, पण मात्रा वजन करूनच ठरते, आणि ती मी इथे छापणार नाही. छापली की उद्या कुणीतरी चमच्याने मोजेल.

लाडूच्याच पिंजऱ्यात तुम्ही बेदाण्याला ठेवलं असेल, असं धरून चालतो. तीन आठवडे होऊन गेलेत आणि हगवण नाही, तेव्हा बहुधा निभावलं. तरी या रविवारी लाकडी घर, लाकडी चाक, पुठ्ठे टाकून द्या. प्लास्टिक आणि लोखंड गरम पाण्याने धुवा, मग पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, पुन्हा स्वच्छ धुवा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवा. बेदाणा तेवढा वेळ सावलीत बादलीत बसेल.

डागांवर हळद नको. हो, सांगलीत बसून हे लिहिताना माझाच हात अडखळतोय. इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडे कापलं-भाजलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. पण हॅम्स्टर दिवसातून कितीतरी वेळा अंग चाटतो. त्याच्या अंगावर लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. तेलात कालवून लावलीत तर केस चिकटतील आणि उन्हाळ्यात आणखी त्रास.

आणि मुळात ते डाग रोग नाहीत. सीरियन हॅम्स्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात. वयात आला की त्या गडद होतात, नरात जास्तच, आणि तो त्या चाटून ओल्या करतो, म्हणून केस विरळ दिसतात. दोन्ही कुशींवर मागच्या बाजूला आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हाच मी निश्चिंत झालो. बुटक्या जातीत हीच ग्रंथी पोटावर मधोमध असते, आणि लोक तिला बेंबी समजतात नाहीतर जखम. काळजी कधी करायची? डाग एकाच बाजूला वाढतोय, उंचवटा आलाय, खपली धरते, रक्त येतं तेव्हा. केस पाठीवर, कमरेवर गळतायत आणि कातडी कोंड्यासारखी सुटतेय, तर बारीक किडे असू शकतात, म्हाताऱ्या आणि अशक्त हॅम्स्टरमध्ये ते विशेष होतात. कुत्र्याच्या गोचिडाची पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब घरच्या घरी वापरू नका, शंभर ग्रॅमच्या अंगाला ते विष ठरतं. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर तो नायटा असू शकतो, तो तुमच्या लेकीच्या हातावर यायला वेळ लागत नाही.

बेदाणा नर आहे असं दुकानदाराने सांगितलं, पण दुकानदाराच्या सांगण्यावर मी फार जात नाही. मादी निघाली तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. दर चार दिवसांनी तिच्या मागच्या बाजूला थोडा पांढरट, चिकट, वास येणारा स्राव दिसतो. लाडूच्या अनुभवानंतर तुमच्या काळजात धस्स होईल. तो पाळीचा भाग आहे, दुसऱ्या दिवशी नसतो. मात्र रोज येत असेल, त्यात रक्त असेल, पोट फुगलं असेल आणि ती जास्त पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी न्या.

दिवसभर झोपतो, याला औषध नाही. तो रात्रीचा प्राणी आहे. सकाळी अकराला उठवून हातावर घेतलं तर तो मलूल दिसणारच, आपल्याला रात्री तीनला उठवलं तर आपण कसे दिसू? त्याची तब्येत रात्री नऊनंतर बघायची. डोळे पूर्ण उघडे आणि चमकदार आहेत का, नाक कोरडं आहे का, पाठ सरळ ठेवून चालतो का, श्वासाबरोबर टकटक किंवा घरघर ऐकू येते का. लेंड्या बघा, तांदळाच्या दाण्याएवढ्या, गडद आणि कोरड्या हव्यात. दात पिवळे-नारिंगी दिसले तर ब्रश शोधू नका, तो त्यांचा खरा रंग आहे. दात जन्मभर वाढतात, कुरतडायला काही नसलं की वाकडे वाढून टाळूत रुततात, मग दाणा तोंडातून पडायला लागतो. ते कापायचं काम डॉक्टरांचं, घरच्या नेलकटरचं नव्हे, दात उभा चिरतो.

पाण्याच्या बाटलीवर स्केचपेनने रोज एक रेघ मारा. शंभर ग्रॅमचा हॅम्स्टर दिवसाला सुमारे दहा मिली पितो, उन्हाळ्यात थोडं जास्त. रेघ अचानक दुप्पट उतरायला लागली तर मधुमेह, मूत्रपिंड, काहीही असू शकतं, बुटक्या जातीत मधुमेह बराच होतो. रेघ उतरलीच नाही तर आधी बाटली तपासा. मागच्या उन्हाळ्यात कुपवाडहून एक आजोबा नातवाचा हॅम्स्टर घेऊन आले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, डोळे आत गेलेले. बाटली भरलेली होती. मी नळीच्या टोकावरची गोळी बोटाने ढकलली, हलेना. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसून ती जाम झालेली. चार दिवस तो भरल्या बाटलीखाली तहानलेला होता. थेंबाथेंबाने ओठाच्या कडेला पाणी लावलं, तेव्हा त्याने माझं बोट दोन्ही पंजांनी धरून ठेवलं.

मिस्टर उन्हाळ्याचं म्हणतात ते गालाच्या बाबतीत चुकलं, पण एरवी त्यांचा मुद्दा खरा आहे. हा बिळात राहणारा जीव, दिवसाचं ऊन त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याला वीस ते चोवीस अंश मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली रात्री अकरापर्यंत उकडत असते. तीस अंशांच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. हातपाय पसरून आडवा पडलाय, श्वास भरभर, तोंडाला लाळ, उचललं तर लुळा, तर ऊन लागलंय. लगेच घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्या, साध्या गार पाण्यात बोट बुडवून कान आणि पाय ओले करा, पाणी ओठाला लावा आणि दवाखाना गाठा. बर्फ नको, पाण्यात बुडवणं तर अजिबात नको, धक्क्यानेच जाईल. त्याच्या आधीची सोय मात्र स्वस्त आहे. संक्रांतीचं सुगड घरात असेलच. ते आडवं करून पिंजऱ्यात ठेवा, कड खडबडीत असेल तर घासून घ्या. दुपारी त्याच्या शेजारी, पिंजऱ्याच्या बाहेर, फ्रीजरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नका. डासांची कॉइल आणि उदबत्ती त्या खोलीत नको. वखारीतला भुसाही नको, त्याच्या बारीक धुळीने आणि देवदार-पाइनच्या तेलाने छाती धरते.

साताऱ्याकडच्या, त्यातही पाचगणी-महाबळेश्वरच्या वाचकांना उलटी गोष्ट सांगतो. डिसेंबरच्या थंडीत हॅम्स्टर गार आणि ताठ सापडला तर लगेच खड्डा खणायला घेऊ नका. फार थंडीत तो निद्रेत जातो, श्वास मिनिटाला एखाद-दुसराच उरतो. दोन्ही तळहातांत धरून उबदार खोलीत तास-दीड तास बसा, मिशा हलताहेत का बघा. हेअर ड्रायर वापरू नका.

दवाखान्यात नेताना पिंजरा घासूनपुसून नेऊ नका, लेंड्या आणि ओली गादी बघूनच निम्मं निदान होतं. भोकं पाडलेला छोटा डबा, त्यात त्याचीच थोडी गादी आणि बाटलीऐवजी काकडीची एक चकती. स्कूटरवर जाणार असाल तर ऊन उतरल्यावर. घरघर रात्रीच ऐकू येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, टेबलावर तो भीतीने गप्प बसतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातली मंडळी मुख्यतः जनावरांसाठी बसलेली असतात, त्यांना दोष देऊ नका, पण आपल्या भागात चांगला डॉक्टर कोण ते त्यांना विचारता येतं. सातारा भागातल्यांना खंबाटकी घाट ओलांडून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पुढे कधी तिसरा आणायची वेळ आली तर दुकानात संध्याकाळी जा, ते जागे असताना, आणि आपल्याला आवडलेल्याचंच नव्हे तर त्याच्या पेटीतल्या सगळ्यांचं बूड बघा. एकाचंही ओलं असेल तर त्या पेटीतला नको. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तिचा कागद मागायला हरकत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. गणपतीच्या सांगलीत त्याच्या वाहनाच्या चुलतभावाला दवाखाना दाखवला तर पुण्यच लागेल. पण त्यांच्या बोलण्यामागची काळजी रास्त आहे. हॅम्स्टरपासून माणसाला पोटाचे जंतू आणि नायटा येऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पिंजरा स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने पिंजऱ्याची साफसफाई करायची नाही.

राहिलं लेकीला सांगायचं. सांगा, असं माझं मत आहे. लाडूला असा आजार होता की त्यात लहान पिलं फार लवकर जातात, हे आधी सांगा. मग सिरपचं सांगा, की आईने घाईत दोन थेंब दिले, ते औषध त्याचं नव्हतं. एवढ्यात ती समजू शकते. आणि याला एक व्यवहारी कारण आहे. बेदाणा उद्या शिंकला तर घरात त्याच्या सगळ्यात जवळ तीच असेल, आणि तिच्या हाताशी तिचंच सिरप असेल. रविवारचं वजन तिलाच करू द्या, आकडाही तिनेच लिहावा.

ता. क. सासूबाईंनी संकष्टीला त्याला मोदक द्यायचा का विचारलंय. नको. एक भाजलेला, बिनमिठाचा शेंगदाणा द्या. तो खाल्ला की गालात ठेवला, एवढं मात्र बघा.